बॉर्डरलाइन ओव्हेरियन ट्यूमर: ऑपरेशनआधी, टेबलावर आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमानं

अंडाशयातली ‘साधी पाण्याची गाठ’ दुर्बिणीतून काढली. आठ-दहा दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि त्यात ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द निघाला. इथून पुढे दोन चुका सर्रास होतात. काही घरांत ‘कॅन्सर नाही ना, मग सुटलो’ म्हणून फाइल कपाटात जाते. काही घरांत धाबं दणाणतं आणि पंधरा दिवसांच्या आत तिशीतल्या बाईची गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकली जातात, कधी वर केमोसुद्धा सुरू होते. दोन्हींचं मूळ एकच: पायऱ्यांचा क्रम चुकणं. हा लेख त्या क्रमासाठी आहे, रुग्णांसाठी आणि त्यांच्यासोबत धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण त्यांना काय विचारायचं आणि कधी विचारायचं हे तुमच्या हातात असलं पाहिजे.

एवढं आधी पक्कं करून घ्या. बॉर्डरलाइन गाठीत पेशी नेहमीपेक्षा जास्त वाढतात, त्यांचं रूप थोडं बदललेलं असतं, पण त्या खालच्या ऊतीत घुसत नाहीत. घुसणं हा कॅन्सरचा गुण, तो इथे नसतो. अंडाशयाच्या आवरणातून निघणाऱ्या गाठींपैकी साधारण 10 ते 20 टक्के गाठी या गटात येतात. सुमारे एक तृतीयांश रुग्ण चाळिशीच्या आतल्या असतात, म्हणून मूल होण्याचा प्रश्न इथे सतत समोर येतो. रोग पहिल्या स्टेजला, म्हणजे अंडाशयापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण 95 टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे विचार करायला वेळ असतो. तो वेळ वापरायचा.

## पायरी 1: ऑपरेशनआधीची तयारी

सोनोग्राफीचा रिपोर्ट नीट वाचा. ‘ओव्हेरियन सिस्ट, 9 सेंमी’ एवढ्यावर कुणीही ऑपरेशनची तारीख ठरवू नये. गाठीत एक कप्पा आहे की अनेक, आतल्या भिंतीवर कोंबासारखे उंचवटे आहेत का, त्या उंचवट्यांत रक्तप्रवाह दिसतो का, दुसरं अंडाशय कसं आहे, पोटात पाणी आहे का, हे सगळं रिपोर्टात हवं. हल्ली बरेच रेडिओलॉजिस्ट ओ-रॅड्स किंवा आयोटा पद्धतीनं धोक्याची पातळी लिहून देतात. ती नसेल तर मागा. चित्र अस्पष्ट असेल तर एमआरआयचा उपयोग होतो. बॉर्डरलाइन हे निदान मात्र कोणत्याही स्कॅनवर पक्कं होत नाही. स्कॅनचं काम संशय घेण्याचं, आणि तो संशय ऑपरेशनच्या आधी घेतला गेला तरच पुढचा क्रम नीट लागतो.

रक्ततपासण्या. सीए-125 करतात, पण ते नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका: पहिल्या स्टेजच्या कितीतरी बॉर्डरलाइन गाठींत ते वाढलेलं नसतं. उलट एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, इतकंच काय पाळी चालू असतानासुद्धा ते वाढू शकतं. गाठ मोठी, अनेक कप्प्यांची आणि चिकट द्रवाची वाटत असेल तर सीए 19-9 आणि सीईए जोडून करतात. मुलगी विशीच्या आसपासची असेल तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच विसरू नयेत, कारण त्या वयात जर्म सेल, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या, गाठी असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे.

दोन्ही बाजूंना म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाच्या, गाठी दिसत असतील तर थांबून पोटात दुसरीकडे बघा. म्युसिनस बॉर्डरलाइन गाठ बहुतेक वेळा एकाच बाजूला असते. दोन्हीकडे असेल तर अपेंडिक्स, मोठं आतडं किंवा जठर इथून रोग अंडाशयावर आलेला असू शकतो. अशा वेळी एंडोस्कोपी ऑपरेशनच्या आधी करायची.

> सावधान: संशय असलेल्या गाठीत सुई घालून पाणी काढायचं नाही, बायोप्सीसाठी तुकडाही घ्यायचा नाही. गाठ अंडाशयापुरती असेल तर सुईच्या वाटेनं पेशी पोटात सांडू शकतात, आणि एवढ्याशा नमुन्यावर बॉर्डरलाइनचं निदान तसंही होत नाही.

मुलांचा विषय आधी काढा. लग्न झालेलं असो वा नसो, ‘पुढे मूल हवं आहे’ हे रुग्णानं स्वतःच्या तोंडानं डॉक्टरांना सांगावं. सासूबाई किंवा भाऊ परस्पर उत्तर देतात आणि ती गप्प बसते, हे फार वेळा दिसतं. गाठी दोन्हीकडे असतील किंवा एक अंडाशय पूर्वीच काढलेलं असेल तर एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून वंध्यत्वतज्ज्ञांना ऑपरेशनआधी एकदा भेटणं शहाणपणाचं. बीजं गोठवून ठेवायची का, हा प्रश्नही तेव्हाच.

संमतिपत्र. छापील फॉर्मवर बरेचदा एक ओळ असते: ‘गरज भासल्यास गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढण्यास संमती.’ ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. मूल हवं असेल तर त्याखाली हातानं लिहून घ्या की फ्रोझन तपासणीत (ऑपरेशन चालू असतानाच गाठीचे तुकडे गोठवून केलेली झटपट तपासणी) बॉर्डरलाइन आल्यास फक्त आजारी बाजूचं अंडाशय आणि नळी काढायची, उरलेला निर्णय अंतिम रिपोर्टनंतर. डॉक्टरांशी बोलूनच लिहायचं. पण लिहायचं.

तपासून घ्या, तारीख ठरवण्याआधी:
- ऑपरेशन करणारे डॉक्टर स्त्रीरोगांच्या कॅन्सरचं काम करतात का, किंवा तसे सर्जन त्या दिवशी उपलब्ध आहेत का?
- रुग्णालयात फ्रोझन सेक्शनची सोय आहे का?
- गाठ पिशवीत घालून अखंड बाहेर काढणार आहेत का?
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रुग्णालय योजनेत आहे का, आणि मंजुरी आधी मिळाली आहे का?

## पायरी 2: टेबलावरचा क्रम

रुग्ण इथे भुलीखाली असते, पण क्रम ठाऊक असेल तर नंतर ऑपरेशन नोट्स वाचून काय झालं आणि काय राहिलं ते कळतं.

1. पोटात शिरल्यावर गाठीला हात लावण्याआधी पोट सलाइननं धुऊन ते पाणी पेशींच्या तपासणीसाठी घेणं.
2. संपूर्ण पोट डोळ्यांनी तपासणं: डायफ्राम म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची खालची बाजू, यकृताचा पृष्ठभाग, आतड्यांच्या दोन्ही कडेच्या खाचा, आतडी, अपेंडिक्स, ओमेंटम म्हणजे आतड्यांसमोर लोंबणारा चरबीचा पडदा, ओटीपोट आणि दुसरं अंडाशय.
3. गाठ न फोडता काढून पिशवीत बाहेर आणणं.
4. गाठ फ्रोझनसाठी पाठवणं.
5. फ्रोझनवर बॉर्डरलाइन आलं तर ओमेंटमचा भाग, पोटाच्या अस्तराचे नमुने आणि जिथे जिथे दाणे, म्हणजे पोटात पसरलेले गाठीच्या पेशींचे पुंजके, दिसतात ते सगळे काढणं.

सगळ्यात जास्त नुकसान या यादीतल्या तिसऱ्या कामात होतं. गाठ 12-15 सेंमीची, टाके मात्र छोटे हवेत, म्हणून सिस्टमध्ये छिद्र पाडून पाणी शोषून घेतात आणि रिकामी पिशवी बाहेर ओढतात. ऑपरेशन करताना गाठ फुटली की स्टेज 1ए (एकाच अंडाशयात, आवरण अखंड) असलेला रोग लगेच 1सी1 (ऑपरेशनमध्ये फुटलेली गाठ) म्हणून नोंदवला जातो. दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट नाही. गाठ अखंड निघत असेल तर तेच बरं. पण अखंड निघणार नसेल तर पोटावर मोठा छेद घेणं हाच योग्य निर्णय आहे, आणि छेदाच्या व्रणापायी सर्जनवर दबाव आणू नये.

काय करायचं नाही तेही सांगतो. लसिका ग्रंथी सरसकट काढायच्या नाहीत: बॉर्डरलाइनमध्ये त्या काढल्यानं आयुष्य वाढत नाही, पायाला सूज मात्र येऊ शकते. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या दुसऱ्या अंडाशयाचा तुकडा ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून कापायचा नाही, त्यानं चिकटे पडतात आणि बीजांचा साठा घटतो. म्युसिनस गाठीत अपेंडिक्स नीट पाहायचं, वेडंवाकडं दिसलं तर काढायचं. चांगलं असेल तर ठेवायला हरकत नाही.

> सावधान: फ्रोझन हा झटपट अंदाज आहे, अंतिम निकाल नाही. मोठ्या म्युसिनस गाठीत तर तो विशेष हुकतो, कारण एकाच गाठीत साधा, बॉर्डरलाइन आणि कॅन्सरचा भाग शेजारी शेजारी असू शकतो आणि वीस मिनिटांत पॅथॉलॉजिस्ट मोजकेच तुकडे पाहतो. तरुण बाईचं गर्भाशय किंवा दुसरं अंडाशय फक्त फ्रोझनच्या भरवशावर काढू नये.

## पायरी 3: किती काढायचं

मूल हवं आहे, गाठ एकाच बाजूला. त्या बाजूचं अंडाशय आणि नळी काढणं हा पहिला पर्याय. नुसती गाठ सोलून काढली तर ती त्याच जागी परतण्याची शक्यता बरीच जास्त. म्युसिनस गाठीत तर नुसती सोलून काढायचीच नाही, पूर्ण अंडाशय काढायचं, कारण म्युसिनस गाठ परतली तर कधी कधी कॅन्सर होऊनच परतते.

मूल हवं आहे, सिरस, म्हणजे पातळ पाण्यासारख्या द्रवाच्या, गाठी दोन्ही बाजूंना, किंवा एकच अंडाशय उरलेलं. सिरस प्रकारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना दोन्हीकडे गाठी असतात. इथे गाठी सोलून काढणं रास्त आहे. एक अंडाशय काढून दुसऱ्यावरची गाठ सोलणं आणि दोन्हीकडच्या गाठी फक्त सोलणं, यांची तुलना करणारी एक छोटी इटालियन चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे फक्त सोललेल्या गटात गर्भधारणा जास्त झाल्या. चाचणी लहान होती, तरी माझ्या मते मूल हवं असलेल्या बाईला हा पर्याय न सांगता तिचं अंडाशय काढणं योग्य नाही.

पाळी गेलेली आहे किंवा कुटुंब पूर्ण झालं आहे. दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढाव्यात. ‘आता पोट उघडलंच आहे तर पिशवीही काढून टाका’ हे नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य. गर्भाशयात स्वतंत्र दोष नसेल तर ते काढल्यानं बॉर्डरलाइन रोगात फायदा होतो असं दिसलेलं नाही. एंडोमेट्रिऑइड (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींच्या) प्रकारात मात्र गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची तपासणी हवीच.

आकडे असे: दोन्ही अंडाशयं काढल्यावर गाठ परतण्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. एक बाजू काढल्यावर ते साधारण 10 टक्के आणि वर. नुसती गाठ सोलल्यावर वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे खूप खालीवर होतात, काही ठिकाणी तर एक तृतीयांशाच्याही पुढे. पण परतलेली बहुतेक गाठ पुन्हा बॉर्डरलाइनच असते, उरलेल्या अंडाशयातच असते आणि पुन्हा ऑपरेशननं निघते. म्हणून अंडाशय वाचवणाऱ्या ऑपरेशननंतर गाठ परतणं वाढतं, मृत्यू मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.

## पायरी 4: काढलेली गाठ आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट

पुढचं सगळं या पायरीवर अवलंबून आहे, आणि घाई नेमकी इथेच होते.

गाठ न कापता, पुरेशा मोठ्या बरणीत, भरपूर फॉर्मेलिनमध्ये जायला हवी. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांना दाखवण्यासाठी ट्रेमध्ये ती चिरून उघडायची नाही: बाहेरचं आवरण अखंड होतं की नाही, हे मग कुणालाच सांगता येत नाही. उजवं, डावं, ओमेंटम, दाणे असं सगळं वेगवेगळ्या बरण्यांत, नाव लिहून. गाठ ऑपरेशनमध्ये फुटली असेल तर तसं फॉर्मवर लिहिलेलं हवं.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या निदानाच्या ओळीवर उडी मारू नका. आधी वरचा भाग वाचा, ज्यात गाठीचं उघड्या डोळ्यांनी केलेलं वर्णन असतं. तिथे गाठीचं माप आणि किती तुकडे तपासले ते असतं. नियम सोपा आहे: गाठीच्या मोठ्यात मोठ्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा, आणि मोठ्या म्युसिनस गाठीत दर सेंटिमीटरला दोन. समजा 14 सेंमीची म्युसिनस गाठ आहे आणि रिपोर्टात ‘तीन ब्लॉक’ (मेणात बसवलेले तीन तुकडे) असं लिहिलंय. तर त्या रिपोर्टातल्या ‘बॉर्डरलाइन’ या शब्दावर अजून विसंबता येत नाही. गाठ बरणीत शिल्लक असते. लॅबला फोन करून आणखी तुकडे घ्यायला सांगा. उरलेला नमुना लॅब ठरावीक मुदतीनंतर टाकून देते, म्हणून हा फोन त्याच आठवड्यात करायचा.

तपासून घ्या, रिपोर्टात हे आहे का:
- प्रकार: सिरस, म्युसिनस, एंडोमेट्रिऑइड की आणखी कोणता
- सिरस असल्यास मायक्रोपॅपिलरी रचना (बारीक, लांबट कोंबांची) आहे की नाही
- मायक्रोइन्व्हेजन (अगदी थोड्या पेशी जेमतेम खाली शिरलेल्या) आहे का
- आवरण अखंड आहे का, गाठ पृष्ठभागावर आली आहे का
- पोटातल्या दाण्यांमध्ये पेशी घुसलेल्या आहेत की नुसत्या वर चिकटलेल्या
- पोट धुतलेल्या पाण्यात पेशी सापडल्या का

दाण्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या वर्गीकरणापासून, पेशी आत घुसलेले दाणे असतील तर त्याला बॉर्डरलाइन न म्हणता लो-ग्रेड सिरस कार्सिनोमा म्हणतात. तो खरा कॅन्सर, त्याची वाट वेगळी. हा लेख तिथे लागू होत नाही.

दुसरं मत इथेच घ्या. बॉर्डरलाइनच्या निदानात पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद होतात, त्यात कुणाचा अपमान नाही. स्त्रीरोगांच्या कॅन्सरच्या स्लाइड नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून रिव्ह्यू करून घ्या. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासले जातात. लॅबकडून फक्त काचेच्या स्लाइड नाही तर मेणाचे ब्लॉकसुद्धा मागा, कारण नवे काप आणि विशेष चाचण्या ब्लॉकवरूनच होतात. सोबत मूळ रिपोर्ट, ऑपरेशन नोट्स आणि डिस्चार्ज कार्ड. ब्लॉक कुरिअरनं एकटे पाठवू नका, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका: मेण वितळतं.

## पायरी 5: बॉर्डरलाइन अचानक निघालं. पुन्हा ऑपरेशन करायचं का?

क्रम असा: स्लाइडचा रिव्ह्यू, मग ऑपरेशन नोट्स, मग सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि सीए-125, आणि त्यानंतरच निर्णय. यात काही आठवडे गेले तरी बिघडत नाही.

नोट्समध्ये बघायचं एकच: पोट पूर्ण पाहिलं होतं का? ‘रेस्ट ऑफ अ‍ॅबडॉमेन नॉर्मल’ एवढी ओळ पुरेशी नाही. डायफ्राम, ओमेंटम, अपेंडिक्स, दुसरं अंडाशय यांची नावं हवीत. ऑपरेशनचा व्हिडिओ असेल तर मागून घ्या, तो फार उपयोगी पडतो.

- म्युसिनस, नुसती गाठ सोललेली: त्या बाजूचं अंडाशय काढण्याचा सल्ला बहुधा मिळतो.
- म्युसिनस, अंडाशय काढलेलं, पोट आणि अपेंडिक्स पाहून नॉर्मल नोंदवलेलं: बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन लागत नाही.
- सिरस, पोट नीट पाहिलेलं, मायक्रोपॅपिलरी नाही, स्कॅन स्वच्छ: नियमित तपासणी पुरते.
- सिरस, मायक्रोपॅपिलरी रचना आहे किंवा पोट पाहिल्याची नोंदच नाही: दुर्बिणीतून पुन्हा स्टेजिंग, म्हणजे रोग कुठवर पसरला आहे याची तपासणी, करावं.
- स्कॅनवर गाठ उरलेली दिसते: ती काढायलाच हवी. या रोगात पोटात काही शिल्लक न ठेवणं यालाच सगळ्यात जास्त किंमत आहे.

पुन्हा स्टेजिंग केल्यानं काही जणींची स्टेज वर सरकते, पण त्यामुळे आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून ‘नियम आहे’ एवढ्या कारणावर ऑपरेशन स्वीकारू नका. विचारा, काय सापडलं तर माझे उपचार बदलणार आहेत?

## पायरी 6: केमो

नाही. पहिल्या स्टेजला नाही, आणि पेशी न घुसलेले दाणे पोटात असले तरी नाही. या पेशी सावकाश वाढतात आणि केमो मुख्यतः झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींवर चालते. ‘खबरदारी म्हणून तीन सायकल’ असं कुणी सुचवलं तर रिव्ह्यूचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या ऑन्कोलॉजिस्टकडे जा.

## पायरी 7: पुढची तपासणी, मूल आणि हार्मोन

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. तपासणीत मुख्य साधन योनिमार्गे केलेली सोनोग्राफी, कारण परतणारी गाठ उरलेल्या अंडाशयातच उगवते. ऑपरेशनआधी सीए-125 वाढलेलं असेल तर ते सोबत. दरवेळी सीटी किंवा पेट स्कॅनची गरज नसते. पाच वर्षं झाली म्हणून थांबू नका: सिरस गाठ दहा वर्षांनंतरही परतू शकते.

गर्भधारणेसाठी वर्षानुवर्षं वाट पाहायची गरज नाही. जखम भरली, तपासणी स्वच्छ आली की प्रयत्न सुरू करता येतात, आणि अंडाशय वाचवलेल्यांपैकी प्रयत्न करणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. आयव्हीएफ लागलं तर कॅन्सर सर्जन आणि वंध्यत्वतज्ज्ञ दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवावं.

तरुणपणी दोन्ही अंडाशयं गेली असतील तर हार्मोनच्या गोळ्यांना घाबरू नका. पाळी अकाली गेल्यानं हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बॉर्डरलाइन रोगात हार्मोन सहसा देता येतात. दाण्यांत पेशी घुसलेल्या असतील तर मात्र ते वेगळ्यानं ठरवावं लागतं.

मुलं झाल्यावर उरलेलं अंडाशय काढायचं का, हा शेवटचा प्रश्न असतो. सक्ती नाही. नुसती गाठ सोललेली असेल, मायक्रोपॅपिलरी रचना असेल, किंवा कामाच्या रगाड्यात तपासणीच्या तारखा पाळणं जमत नसेल तर काढण्याकडे कल असावा. एक बाजू पूर्ण काढलेली, स्कॅन दरवेळी स्वच्छ आणि ती वेळेवर येणारी असेल, तर पाळी जाईपर्यंत ते अंडाशय ठेवून लक्ष ठेवता येतं.